घरातील उजेड आणि त्याचे मोल

तेलाचा दिवा घरोघर जळत होता तोवर उजेडाचे मोल डोळ्यांना दिसत असे. समईतील तेल कितपत उतरले, हे येताजाता लक्षात येई. कंदील हलवून पाहिला म्हणजे टाकीत घासलेट किती उरले, ते कळे. आणि महिनाअखेर रिकामा होणारा डबा घरातील कर्त्या बाईला काटकसरीची आठवण आपोआप करून देई. विजेचा दिवा आला आणि हे सर्व दृष्टिआड झाले. भिंतीवरील बटण दाबले की उजेड पडतो. त्याची मोजदाद जिन्याखालच्या फळीवर बसविलेले मीटर मुकाट्याने करीत राहते. आणि महिन्याने जे बिल येते, त्यात दिवे, पंखे, फ्रिज, गीझर या सर्वांचा खर्च एकाच आकड्यात मिसळलेला असतो. कोणत्या खोलीतील कोणत्या दिव्याने किती वीज खाल्ली, हे त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत थोड्या विजेत भरपूर उजेड देणारे एलईडी दिवे स्वस्त झाले व बहुतेक घरांत पोचले, ही गोष्ट निःसंशय समाधानाची आहे. तथापि दिवा बदलणे आणि उजेडाचा हिशेब ठेवणे ही दोन निरनिराळी कामे होत. पहिले काम दुकानात पाच मिनिटांत उरकते. दुसरे घरी बसून, कागद-पेन्सिल हाती घेऊन करावे लागते. दुसऱ्यावाचून पहिले अर्धेच फळ देते, एवढेच येथे कसबा पेठेतील घरांच्या उदाहरणाने दाखवावयाचे आहे.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, कुंभारवाडा, तांबट आळी ही तिची परिचित ठिकाणे. या पेठेत जे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांची रचना न्याहाळली म्हणजे उजेडाविषयीचा जुना विचार ध्यानात येतो. वाड्याच्या मध्ये उघडा चौक असे आणि दिवसाचा उजेड त्या चौकातून ओसरीवर उतरे. लिहिणे, धान्य निवडणे, शिवण-टिपण ही बारीक नजरेची कामे ओसरीवरच होत. माजघर अंधारे असले तरी तेथील कामांना फारसा उजेड लागत नसे. रात्रीच्या दिव्यासाठी भिंतींत ठिकठिकाणी देवळ्या व कोनाडे ठेवलेले असत. म्हणजे दिवा कोठे असावा, हे घर बांधतानाच ठरून जाई. शिवाय दिवा माणसांच्या मागोमाग हिंडे. स्वयंपाक चालू असेतो तो चुलीपाशी असे, जेवणाच्या वेळी पानांपाशी येई, आणि नंतर पाठ म्हणणाऱ्या मुलांच्या घोळक्यात जाऊन बसे. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा जो मोठा संग्रह आहे, तो पाहिला तरी हेच दिसते की, टांगण्याचा दिवा निराळा, ठेवण्याचा निराळा, हाती धरून चालण्याचा निराळा. प्रत्येकाची घडण त्याच्या कामाप्रमाणे झालेली.

पुढे घासलेटाचा कंदील आला. कराडजवळील ओगलेवाडी येथे १९१६ साली निघालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने घासून लख्ख करणे हे घरातील एका मुलाचे ठरलेले काम असे, कारण काच काजळली तर तेवढ्याच तेलात उजेड निम्मा पडतो, हे सर्वांना प्रत्यक्ष दिसत असे.

तो काळ सुखाचा होता, असे मात्र कोणी समजू नये. धुराने डोळे चुरचुरत, छत काळे होई, आगीचे भय सदैव असे, आणि मिणमिणत्या उजेडात वाचून कित्येकांच्या डोळ्यांवर ताण पडे. त्या काळापासून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. उजेड कोठे हवा, कशासाठी हवा आणि किती वेळ हवा, हे तीन प्रश्न दिवा लावण्यापूर्वी त्या वेळी आपोआप विचारले जात. वीज आल्यावर ते विचारण्याचे कारण उरले नाही, आणि न विचारण्याची सवय जडली.

आता आजच्या पेठेकडे वळावे. अनेक वाड्यांची बिऱ्हाडे पडली आहेत. कोठे चौकावर पत्रे चढले आहेत, कोठे ओसरीची खोली झाली आहे, तर कोठे शेजारी चार-पाच मजली इमारत उठून खिडकीतील आभाळ झाकले गेले आहे. परिणामी तळमजल्यावरील कित्येक स्वयंपाकघरांत भर दुपारी दिवा लावल्यावाचून तांदळातील खडा दिसत नाही. म्हणजे ज्यांच्या वाट्याला सूर्यप्रकाश सर्वांत थोडा आला, त्यांनाच उजेडाचा खर्च सर्वांत अधिक सोसावा लागतो. हवेशीर बंगल्यातील दिवा संध्याकाळी पाच तास जळतो, तर अशा घरातील दिवा सकाळी सहापासून रात्रीपर्यंत चौदा तास जळतो. दिव्यांच्या काटकसरीचा प्रश्न म्हणूनच या घरांसाठी केवळ हौसेचा किंवा उपदेशाचा नाही.

खर्चाचा हिशेब करण्यापूर्वी दिव्यांचे प्रकार थोडक्यात समजून घेतले पाहिजेत. जुन्या गोल बल्बमध्ये टंगस्टन धातूची केसासारखी तार असते. विजेच्या प्रवाहाने ती सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते व तापल्यामुळे प्रकाशते. वस्तुतः हा दिवा नसून एक लहानशी शेगडीच होय. तीत खर्च होणाऱ्या शंभर भाग विजेपैकी जेमतेम पाच भागांचा उजेड होतो, बाकीची उष्णता होऊन खोलीत पसरते. अशा बल्बचे आयुष्य सुमारे १००० तासांचे. हे आयुष्य एवढेच असावे, असे ठरविण्यातही व्यापाराचा हात होता. जगातील बड्या दिवे-कंपन्यांनी १९२४ साली जिनीव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापून १००० तासांची मर्यादा एकमेकांवर बांधून घेतली होती.

ट्यूबची तऱ्हा निराळी. तिच्यात तार तापवून उजेड काढीत नाहीत. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतील पांढरा लेप ते किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. हीच नळी वळवून, आखूड करून, साध्या होल्डरमध्ये बसेल अशी फिलिप्स कंपनीने १९८० साली बाजारात आणली. तिलाच पुढे सीएफएल हे नाव रूढ झाले. तेवढ्याच उजेडाला तिला बल्बच्या सुमारे चौथा हिस्सा वीज पुरे.

एलईडीमध्ये तापणारी तारही नाही आणि पाऱ्याची वाफही नाही. अर्धवाहक पदार्थाच्या मोहरीएवढ्या तुकड्यातून वीज गेली असता त्यातून थेट प्रकाश निघतो. लाल रंगाचे असे दिवे १९६२ पासून माहीत होते. पण पांढरा प्रकाश मिळवावयाचा तर निळा एलईडी हवा, आणि तो साधण्यास आणखी तीस वर्षे लागली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना या कामगिरीबद्दल २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप चढविला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड पडतो; आज घरोघर जळणारा दिवा तो हाच.

येथे दोन मापांची गफलत टाळली पाहिजे. चाळीसचा, साठचा, शंभरचा दिवा असे म्हणण्याची जी सवय जुन्या बल्बमुळे लागली, तीत वॅट म्हणजेच उजेड अशी समजूत दृढ झाली. वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. तो उजेड किती देतो, याचे माप ल्यूमेन हे होय. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन उजेड देतो. चांगल्या बनावटीचा ९ वॅटचा एलईडी सुमारे ९०० ल्यूमेन देतो. म्हणजे साठच्या बल्बच्या जागी ७ वॅटचा एलईडीही पुरतो. दुकानात गेल्यावर वॅट विचारण्याऐवजी खोक्यावर छापलेला ल्यूमेनचा आकडा वाचावा; त्याला वॅटने भागले असता जो भागाकार येईल, तो जितका मोठा तितका दिवा काटकसरीचा.

आता हिशेब. १००० वॅट एक तास जळले म्हणजे एक युनिट. सोयीसाठी युनिटचा दर आठ रुपये धरू. ज्याने त्याने आपल्या बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून आपला दर काढावा. पेठेतील एक तीन खोल्यांचे बिऱ्हाड कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. बाहेरच्या खोलीत ट्यूब आहे व ती रोज पाच तास जळते. अंधाऱ्या स्वयंपाकघरात ६० वॅटचा बल्ब चौदा तास जळतो. न्हाणीघरातील ६० वॅटचा बल्ब सर्वांचा मिळून एक तास जळतो. निजावयाच्या खोलीत झीरोचा बल्ब आठ तास, आणि देवघरात तसाच तांबडा झीरोचा बल्ब अहोरात्र.

झीरोच्या बल्बविषयी लोकांत मोठा भ्रम आहे. नाव झीरो असले तरी जुन्या पद्धतीचा हा बल्ब १२ ते १५ वॅट वीज घेतो. पूर्वीच्या चाकाच्या मीटरवर एवढा थोडा भार नीट उमटत नसे, म्हणून त्याला काहीच लागत नाही अशी समजूत पसरली. १५ वॅट धरले तर देवघरातील दिव्याला महिन्यास १०.८ युनिटे लागतात. रोज पाच तास जळणाऱ्या ६० वॅटच्या बल्बला ९ युनिटे लागतात. म्हणजे ज्याची कोणी गणतीही करीत नाही, तो बोटभर तांबडा दिवा दिवाणखान्यातील मोठ्या बल्बहूनही अधिक वीज खातो.

सदर बिऱ्हाडाचा महिन्याचा एकंदर असा होतो. स्वयंपाकघर २५.२ युनिटे, देवघर १०.८, ट्यूब तिच्या लोखंडी चोकसह ५० वॅट धरल्यास ७.५, निजावयाची खोली ३.६ आणि न्हाणीघर १.८, बेरीज ४८.९ युनिटे. आता सर्व दिवे बदलले असे समजू. स्वयंपाकघरात ९ वॅटचा एलईडी, बाहेरच्या खोलीत २० वॅटची एलईडी पट्टी, न्हाणीघरात ७ वॅटचा दिवा, आणि देवघरात व निजावयाच्या खोलीत अर्ध्या वॅटचे मंद दिवे. नवी बेरीज सुमारे ७.५ युनिटे येते. बचत जवळजवळ ४१.५ युनिटांची, म्हणजे सव्वातीनशे रुपयांहून थोडी अधिक.

ही बचत कोठून आली, ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. स्वयंपाकघराने २१.४ युनिटे वाचविली व देवघराने १०.४. या दोन दिव्यांनीच एकूण बचतीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग दिला. बाहेरच्या खोलीतील ट्यूब बदलून वाचली अवघी साडेचार युनिटे, कारण ट्यूब ही मुळातच बरीच काटकसरी होती. व्यवहारात मात्र क्रम नेमका उलटा दिसतो. नवा दिवा प्रथम येतो तो बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशा जागी. स्वयंपाकघरातील बल्ब उडेपर्यंत तसाच राहतो, आणि देवघरातल्या दिव्याची तर आठवणही होत नाही. शंभर रुपयांचा दिवा स्वयंपाकघरात एका महिन्याच्या आत आपली किंमत परत करतो. न्हाणीघरात त्यालाच आठ महिने लागतात. तेव्हा जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो तो प्रथम बदलावा, हा या हिशेबाचा सरळ निष्कर्ष होय.

येथे दराच्या पायऱ्यांचाही विचार केला पाहिजे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून चढा, आणि ३०० च्या पुढे आणखी चढा, अशी मांडणी असते. वाचलेली युनिटे ही नेहमी वरच्या पायरीवरून उतरतात. ज्याचा वापर १३० युनिटांचा आहे, त्याची ४१ युनिटे वाचली तर दुसऱ्या पायरीवरील तीसही महाग युनिटे बिलातून नाहीशी होतात. म्हणून मध्यम वापराच्या कुटुंबाला सरासरी दराने काढलेल्या हिशेबाहूनही थोडा अधिक लाभ होतो.

एका घराचा हा हिशेब शहराच्या हिशेबाशी कसा जोडलेला आहे, हे पुणेकरांनी एकदा जवळून पाहिले आहे. २००५ व २००६ या सालांत महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता व ठिकठिकाणी भारनियमन चालू होते. दिवेलागणीची वेळ सर्व घरांत एकच. उंबरठ्यावर अंधार नसावा ही श्रद्धाही सार्वत्रिक. त्यामुळे मागणी संध्याकाळी एकाएकी चढे. २००६ साली पुण्यात यावर एक तोड काढण्यात आली. शहरातील कारखान्यांनी टंचाईच्या वेळी आपापली डिझेलवरील जनित्रे चालवावीत, त्यामुळे सुटणारी वीज नागरिकांना मिळावी, आणि डिझेलचा वाढीव खर्च शहरातील अधिक वापर असणाऱ्या ग्राहकांकडून वसूल व्हावा, अशी ती योजना होती. उद्योजकांच्या संघटना, 'प्रयास' ही पुण्यातीलच अभ्याससंस्था, महावितरण व वीज नियामक आयोग यांच्या सहभागाने ती अमलात आली. अंधार टळला, परंतु महाग डिझेल जाळून.

तुटवडा भरून काढण्याचा दुसरा मार्ग मागणी घटविण्याचा. एक लाख घरांनी संध्याकाळी लागणारे ६० वॅटचे दोन-दोन बल्ब काढून तेथे १५ वॅटचे सीएफएल लावले, तर दर घरी ९० वॅट व सर्वांचे मिळून ९ मेगावॅट वाचतात. एलईडी लावल्यास १० मेगावॅटहून अधिक. हे वाचविण्यास ना डिझेल लागते ना धुराडे. केंद्र सरकारने हे ओळखून २००९ साली 'बचत लॅम्प योजना' काढली व तीत सीएफएल १५ रुपयांस देऊ केला. पुढे ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडीची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ती 'उजाला' या नावाने ओळखली जाते. एकगठ्ठा खरेदीमुळे किंमत किती उतरते, याचा तो उत्तम पाठ ठरला. २०१४ साली सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ साली सुमारे ३८ रुपयांस मिळू लागला. या योजनेखाली देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आहेत. कोळशावरील केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास साधारणतः पाऊण किलो कोळसा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे वर सांगितलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरातील एक दिवा बदलल्याने महिन्यास सुमारे सोळा किलो कोळसा खाणीतच राहतो, असे दिसून येईल.

परंतु स्वस्ताईबरोबर एक धोकाही येतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाविषयी लिहिताना दाखवून दिले की, यंत्र काटकसरी झाले म्हणजे कोळशाची एकूण गरज घटेलच असे नाही. काम स्वस्त झाल्यामुळे यंत्रेच वाढतात. दिव्यांच्या बाबतीत हेच घडू लागले आहे. नव्या इमारतीत एका खोलीला फॉल्स सीलिंग करून तीत ६ वॅटचे बारा दिवे बसविले, म्हणजे भार ७२ वॅट झाला. रोज पाच तासांप्रमाणे महिन्याला १०.८ युनिटे. त्याच खोलीत पूर्वी ६० वॅटचा एक बल्ब ९ युनिटांत काम भागवीत होता. दिवे काटकसरीचे खरे, पण घर उधळे झाले. 'एलईडीच आहे, जळू द्या' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते, आणि बचतीचा मोठा भाग या चार शब्दांतून गळून जातो.

उलट बाजूचीही चूक तितकीच घातक आहे. काटकसर म्हणजे अंधार नव्हे. वाड्यांतील सामाईक जिन्याचे उदाहरण घ्यावे. लाकडी पायऱ्या उंच व अरुंद, वळण अंधारे, आणि दिवा कोणाच्या मीटरवर जळावा यावर बिऱ्हाडांत कुरबूर; शेवटी कोणीच दिवा लावीत नाही व घरातील वृद्ध चाचपडत उतरतात. ६० वॅटचा बल्ब रात्रीचे बारा तास जळे, तेव्हा महिन्याला २१.६ युनिटे, म्हणजे सुमारे १७३ रुपये खर्च होत. त्या वेळी कुरबुरीला काही अर्थ तरी होता. ७ वॅटच्या एलईडीला त्याच कामी अडीच युनिटे, म्हणजे वीस रुपये लागतात. आठ बिऱ्हाडांत वाटले तर प्रत्येकी अडीच रुपये. एका वृद्धाचे मांडीचे हाड मोडले तर होणारा खर्च व हाल यांच्या मानाने ही रक्कम कोणीकडेच नाही. वर व खाली दोन्हीकडून लावता-मालवता येणारा टू-वे स्विच, किंवा माणसाची चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा दिवा बसविला, तर हेही बिल निम्म्याहून खाली येते.

तीच गोष्ट वाचनाची. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रविज्ञान मानते. तेव्हा आजोबांना अधिक उजेड हवा, ही त्यांची तक्रार नसून गरज आहे. पण त्यासाठी छतावर मोठा दिवा लावणे हा उपाय नव्हे. दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा निसर्गाचा नियम आहे. टेबलापासून सहा फुटांवर छताला असलेला दिवा दीड फुटावर आणला, तर भिंतींवरून परतणारा प्रकाश बाजूस ठेवता, पुस्तकावरील उजेड सोळापट होतो. म्हणून वाचणाऱ्याच्या जवळ, डाव्या खांद्याच्या बाजूने येणारा ५ वॅटचा लहान दिवा हे काम अधिक चांगले करतो. जुना दिवा माणसांमागे हिंडत असे, त्याचे शहाणपण ते हेच.

उजेड फुकटात वाढविण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. एक, छत व भिंतींचा वरचा भाग पांढरा ठेवणे. अंधाऱ्या खोलीत चुन्याचा एक हात एका दिव्याचे काम करतो. दुसरा, दिवे पुसणे. कंदिलाची काच रोज घासणाऱ्यांच्या नातवंडांच्या घरी ट्यूबवर वर्षाची धूळ व स्वयंपाकघरातील तेलकट थर साचलेला असतो. बटण बंद करून, दिवा निवल्यावर कोरड्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसला, तर गमावलेला उजेड परत मिळतो.

खरेदी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण व ऊर्जा-बचतीचे तारे पाहावेत. पदपथावर मिळणारा निनावी दिवा स्वस्त पडत नाही. हमीचा कागद व पावती जपून ठेवावी, कारण एलईडी मुदतीपूर्वी गेला तर बदलून मिळतो, आणि बहुधा पावती नसल्यामुळेच मिळत नाही. रंगाच्या बाबतीत, ६५०० केल्व्हिन लिहिलेला दिवा निळसर पांढरा, तर २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर व सौम्य असतो. स्वयंपाक व अभ्यासाला पहिला चालेल. निजावयाच्या खोलीत दुसराच बरा. एलईडी स्वतः फारसा तापत नाही असे दिसले, तरी त्याच्या बुडाशी असलेल्या यंत्रणेला उष्णता सोसत नाही. म्हणून चहूकडून बंद असलेल्या काचेच्या हंडीत किंवा गोळ्यात तो लवकर जातो. अशा ठिकाणी हवा खेळेल असे फिटिंग घ्यावे. वाड्यातील तारा फार जुन्या असतील तर नवे दिवे लावण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून त्या तपासून घेणे इष्ट होय.

घरात अद्याप सीएफएल अथवा ट्यूब असल्यास त्यांतील पाऱ्याचा विसर पडू देऊ नये. पारा अगदी थोडा असतो, तरी तो विषारी आहे. दिवा फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे, मग तुकडे जाड कागदाने गोळा करून बंद डब्यात अथवा पिशवीत ठेवावेत. झाडूने झाडू नये. असा दिवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर तो फुटतो कचरावेचकाच्या हातात. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कामगारांकडे तो वेगळा, गुंडाळून व सांगून द्यावा. आपल्या घरातील बचत दुसऱ्याच्या आरोग्यावर होऊ नये.

येणेप्रमाणे विचार केला असता करावयाचे काम फार थोडे आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातील मुलाने कागद घेऊन प्रत्येक दिव्यापुढे तीन आकडे लिहावेत: वॅट किती, रोज किती तास जळतो, आणि त्यांच्या गुणाकाराप्रमाणे महिन्याची युनिटे किती. मोठ्या आकड्यापासून लहानाकडे यादी लावावी व त्याच क्रमाने दिवे बदलावेत. बदलल्यावर बिलातील मागील वापराच्या आकड्यांशी नवा आकडा ताडून पाहावा. ऋतुमानाप्रमाणे पंख्याचा वापर बदलतो, म्हणून गतवर्षीच्या त्याच महिन्याशी ताडणे योग्य. मुलांना गुणाकाराचा सराव होईल, मोठ्यांना आपल्या सवयी कळतील, आणि ज्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात चौदा तास दिवा लागतो, तेथे राबणाऱ्या बाईला पूर्वीहून चांगला उजेड पूर्वीच्या सहाव्या हिश्शाहून कमी खर्चात मिळेल. यादीचा कागद मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी तो पुन्हा उपयोगी पडेल.